दवाखाना म्हणायचं होतं

आमच्या गल्लीतल्या किसनअण्णांच्या अंगावरून गेल्या महिन्यात वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. परवा त्यांची सून माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "काकू, पाणी मागायलेत म्हणून तांब्या दिले, तर ढकलून दिले. मग रडले. मग हसायला लागले. आमच्यावर राग हाय का त्यांचा?"

मी तिला सांगितलं की राग नाही. कदाचित त्यांना चादर हवी असेल आणि तोंडातून 'पाणी' निघालं असेल. आपण 'चादर' म्हणालो असंच त्यांना वाटत असेल. आपण नीट मागतोय आणि ही पोरगी मुद्दाम भलतंच देतेय, असंही वाटत असेल. ती म्हणाली, असं कुठं असतंय का काकू. पुढं आणखी सांगायला गेले, तर निम्म्यावरच माझेच शब्द सांडले. मी दमले की अजूनही असं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. डाव्या हातानं लिहिते, हळूहळू लिहिते. लिहिताना एक बरं असतं, चुकीचा शब्द आला तर तो खोडता येतो आणि बघणाऱ्याचा चेहरा बदलत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस पडलंय त्यांच्यासाठी हे आहे. यातलं मला सगळं कळलंय असं मात्र समजू नका. पुष्कळसं अजून कळलेलं नाही.

अक्का अशी का बघायलीय

माझं नाव गोदावरी. माहेर बिदर शहरातलं. वडिलांचं धान्याचं दुकान होतं, आणि आमची गल्ली अशी की निम्मी घरं आमची, निम्मी मुसलमानांची. घरात मराठी, दुकानात गिऱ्हाइकाशी कानडी आणि गल्लीत खेळताना दखनी, म्हणजे आमच्याकडची बोली उर्दू. कोणती भाषा कुठं संपते याचा आम्ही पोरांनी कधी विचारच केला नाही. लग्न होऊन औरादजवळच्या खेड्यात शेतकरी घरात आले, तेव्हा दखनी मागं राहिली. निजामाचं राज्य होतं, कचेरीचं काम उर्दूत चालायचं, त्यामुळं पुरुषांना ती भाषा यायची. बायकांना तिचं काम पडत नव्हतं. मलाही पडलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायला आई-वडील राहिले नव्हते, म्हणून ते सासरीच झालं. मुलगी झाली. अजून बारसं व्हायचं होतं. सकाळी माझी थोरली जाऊ, तिला सगळं घर अक्का म्हणायचं, पाटावर बसून बाळाला न्हाऊ घालत होती. मी बाजेवर बसून तिला ऊन पाण्याचा तांब्या देत होते. तांब्या हातातून सुटला. ओल्या हातानं निसटला असेल म्हणून मी उचलायला वाकले, तर हात हललाच नाही. मांडीवर पडून राहिला. कुणीतरी आपला हात माझ्या मांडीवर विसरून गेलंय, असा.

मी अक्काला विचारलं, "बाळाला भाजलं का?" मला आजही पक्कं आठवतंय की मी हेच विचारलं. अक्का नुसती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिच्या तोंडावर भीती दिसली तेव्हा मला तिचाच राग आला, की ही अशी का बघायलीय, बोलत का नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी तिनं मला सांगितलं की मी नुसती बा-बा-बा करत होते आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धावत आल्या. अक्कानं बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेर नेलं. मी हाक मारत होते. मला वाटत होतं की मी मारतेय.

एका आजाराची तीन नावं

पुढचे दिवस तुकड्यांत आठवतात. माणसं बोलायची आणि मला आवाज यायचा, पण शब्द सुटे होत नव्हते. विहिरीत वाकून कुणी बोलावं तसं सगळं घुमायचं. मधेच एखादा शब्द स्वच्छ यायचा, 'कोंबडी', 'दार', आणि पुन्हा गलका. ही माझीच माणसं, माझीच मराठी, आणि मला ती कळत नव्हती. मला वाटलं, मला मुद्दाम चुकवायला सगळे आपसात काहीतरी वेगळंच बोलायलेत.

आत्याबाई म्हणायच्या वारं गेलं. गावातला वैद्य बाळंतवायू म्हणाला. शेजारच्या लिंगायतांच्या घरातून बघायला आलेल्या बाया लकवा म्हणाल्या. काढे झाले, तेल झालं, शेक झाला. बाळ अक्काकडेच होतं. तिचा मुलगा अंगावर पीत होता, त्याच्याबरोबर तिनं माझ्या मुलीलाही घेतलं. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं मला ऐकू यायचं. तेवढा एकच आवाज तेव्हा मला पुरता कळायचा.

शेवटी ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, गाडी जुंपली. औरादपर्यंत बैलगाडी, तिथून मोटारीनं बिदरचा सरकारी दवाखाना. बाळाला नेलं नाही. का नेलं नाही हे मला कुणी सांगितलं असेल तरी समजलं नसतं.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉक्टर वयस्क होते, पांढरी दाढी, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, गुडघ्यावर ठोकलं, तळपायावर काहीतरी ओढलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "नाम क्या है, बीबी?"

"गोदावरी."

मी दचकले. हे माझ्यापेक्षा जास्त दचकले. तुला काय हवंय म्हणून डॉक्टरांनी विचारलं, क्या होना तुमकू?

"मेरेकू मेरी बच्ची होना," मी म्हणाले.

वाक्य अडखळत आलं, पण आलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणाचं बोलणं पुरतं कळलं होतं आणि माझं कुणाला तरी कळलं होतं. मी रडायला लागले. ह्यांना मात्र ते कसं वाटलं असेल याचा मी आता विचार करते. घरी ज्या बायकोनं त्यांना एक शब्द दिला नव्हता, ती परक्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलत होती. ते डॉक्टरांना म्हणाले की ही घरी मुकी आहे, हे काय आहे? त्यांच्या आवाजात मला राग ऐकू आला. बहुतेक भीती असेल.

डॉक्टरांनी आजाराला फालिज म्हटलं. डोक्यात कुठंतरी रक्त अडलंय, बाळंतिणींना कधी कधी होतं, असं त्यांनी सांगितलं. पाय बहुतेक येईल. हाताचं सांगवत नाही. बोलण्याबद्दल हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तीच भाषा का आली, घरची का नाही? लहानपणी खेळताना बोललेली भाषा कदाचित वेगळ्या जागी राहत असेल, डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. जी भाषा येते तिच्यातच हिच्याशी बोलत राहा.

त्या वेळी मला त्या 'माहीत नाही'चा फार राग आला. एवढा मोठा दवाखाना, आणि माहीत नाही. पण पुढं ज्यांना ज्यांना 'माहीत होतं', त्यांनी मला जास्त त्रास दिला.

दवाखान्यातले दिवस

सकाळी फिनेलनं फरशी पुसायचे. मग दाई येऊन माझा हात तेलानं चोळायची, बोटं एकेक उघडायची. दुपारी नातेवाईक आवारातल्या चिंचेखाली तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करायचे, धूर खिडकीतून आत यायचा. माझं दूध दाटलं होतं. छातीला पट्टा बांधला होता आणि ते दुखणं हातापायाच्या दुखण्यापेक्षा मोठं होतं. याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या खाटेवर मांडी मोडलेली एक म्हातारी होती, कानडी बोलणारी. ती माझ्याशी दिवसभर बोलायची. तिची म्हैस, तिचा जावई, तिच्या गावचा तलाव. मी उत्तर देत नाही याचं तिला काही वाटत नव्हतं. मला तिचं निम्मंच कळायचं, पण तिनं मला आजारी माणूस म्हणून बघितलंच नाही. मला ते फार बरं वाटायचं.

ह्यांचं माझ्याशी बोलणं अवघड झालं होतं. ह्यांना उर्दू यायची ती तहसिलीतली. साहेबासमोर उभं राहून जी बोलतात ती. माझ्याशी तीच बोलायला लागले की पाठ ताठ व्हायची, हात समोर बांधले जायचे. एकदा मला पाणी विचारताना 'हुजूर' म्हणून गेले. मला हसू आलं, ते अर्ध्याच तोंडानं आलं, आणि ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता माझ्या माहेरच्या गल्लीत गेले आणि आमच्या जुन्या शेजारणीला घेऊन आले. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. लहानपणी तिच्याच अंगणात मी सागरगोटे खेळले होते. खाला रोज यायला लागली. आमच्या घरात तिच्या हातचं शिजलेलं चालत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती पदरात पेरू आणायची, सीताफळ आणायची, आणि शेजारी बसून एकेक वस्तू दाखवत माझ्याकडून नाव म्हणवून घ्यायची. मी चमच्याला 'चाँद' म्हणाले की हसायची नाही. "चाँद बी अच्छा है," म्हणायची, "अब चमचा बोल."

आजारी माणसाकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगेन. असं बोला.

घरी

पाय ओढत का होईना, मी चालायला लागले तेव्हा घरी आणलं. दारातच आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तोवर मराठी मला पुष्कळशी कळायला लागली होती. बोलता मात्र काही येत नव्हती. तोंड उघडलं की दखनी, तीही तुटकी. अक्काच्या कडेवर माझी मुलगी बघून मी हात पुढं केला आणि म्हणाले, "मेरी बच्ची. देओ मेरेकू."

अंगणात जमलेल्या बाया मागं सरकल्या.

हिला कुणीतरी धरलंय, असं गावात झालं. बाळंतीण ओल्या अंगाची, दार उघडं राहिलं असेल, आत काहीतरी शिरलं असेल. ह्यांनी डॉक्टरांचं सांगितलं. पण त्यांना स्वतःलाच ते पुरतं पटलेलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांना ते दिसत होतं. बाळ माझ्याकडे द्यायचं नाही असं ठरलं. बारसं माझ्याशिवाय झालं. नाव शांता ठेवलं हे मला आतल्या खोलीत ऐकू आलं.

आणि मला कबूल केलं पाहिजे की मलाही शंका यायची. माझ्या डोक्यात विचार मराठीत यायचा, ओठांपर्यंत येताना दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बदलायचा. मग हे आत कोण आहे? मी आरशात बघायचे. एका बाजूनं उतरलेला चेहरा. तो माझा होता का, हेही काही दिवस मला नक्की सांगता आलं नसतं.

डाव्या हातानं जेवणं हाही घरात मोठा प्रश्न होता. पंगतीत सगळे दुसरीकडे बघायचे. मी कोपऱ्यात तोंड फिरवून जेवायला लागले. पण मी कामं सोडली नाहीत. परात पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची आणि एका हातानं पीठ मळायचं, हे मी त्याच महिन्यांत शिकले. लुगड्याचा काष्टा भिंतीला पाठ लावून कसा खोचायचा ते शिकले. निऱ्या दातांत धरायच्या. हे धैर्य होतं का मला माहीत नाही. दिवस मोठा होता आणि मला रिकामं बसवत नव्हतं.

गाणगापूर

उन्हाळ्यात आत्याबाई मला गाणगापूरला घेऊन निघाल्या. दत्ताची सेवा करायची, धरलेलं सुटेल. ह्यांनी आम्हाला पोचवलं, एका पुजाऱ्याच्या घरी उतरवलं आणि शेतीच्या कामासाठी परत गेले.

रोज पहाटे संगमावर अंघोळ. मग देवळात आरतीच्या वेळी, जिथं धरलेली माणसं उभी करतात, तिथं मला उभं करायचे. माझ्याभोवती लोक घुमायचे, खांबावर चढायचे, ओरडायचे. मी मधे काठी टेकून उभी. आत्याबाई माझ्याकडे बघत असायच्या, आता काहीतरी होईल म्हणून. मीही वाट बघायचे. खरंच वाट बघायचे, की आत कुणी असेल तर आज बोलेल, जाईल. काही व्हायचं नाही. मला लाज वाटायची, जणू मी कामचुकारपणा करतेय.

पण संगमाचा रस्ता लांब होता, आणि आत्याबाई रोज मला तो चालवत न्यायच्या. माझा लुळा हात त्यांच्या खांद्यावर, त्यांचा हात माझ्या कंबरेत. त्या स्वतः उपास करत होत्या. वाटेत माझ्याशी बोलायच्या नाहीत, कारण मी काय बोलेन याची त्यांना भीती होती. एकदा घाटाच्या पायरीवर मी अडले. त्या ओढत होत्या, आणि मी म्हणाले, "नक्को."

आत्याबाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "बोलली माय," म्हणाल्या. "गोदा बोलली."

मराठीत नको, दखनीत नक्को. मी कोणतं म्हणाले होते? मला ठाऊक नव्हतं. आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून त्या वाटेत माझ्याशी बोलायला लागल्या.

पाय तिथं सुधारला हे खरं. दत्तानं सुधारला की रस्त्यानं, या वादात मी पडत नाही.

गुलबर्गा

परत निघालो तेव्हा पुजाऱ्यानं आम्हाला आगगाडीत बसवून दिलं. गुलबर्ग्याच्या स्टेशनवर हे आम्हाला घ्यायला येणार होते, तिथून मोटारीनं बिदर. आम्ही उतरलो तर हे नाहीत. त्यांची मोटार वाटेत बिघडली होती, हे आम्हाला कसं कळणार? वैशाखाचं ऊन, आत्याबाईंच्या पोटात सेवेच्या शेवटच्या दिवसाचा उपास. स्टेशनबाहेर लिंबाखाली बसलो होतो. थोड्या वेळानं त्या काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या, मग मान टाकली. अंग तव्यासारखं तापलं होतं, घाम नव्हता.

मी उठले. समोर टांगा उभा होता. मला एकच शब्द हवा होता, दवाखाना. डोक्यात तो लखलखीत दिसत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "दरगाह. जल्दी. दरगाह."

टांगेवाल्यानं आत्याबाईंना उचलून आत ठेवलं आणि घोडा पिटाळला. मला वाटलं, मी बरोबर सांगितलं. चांगलं पुढं गेल्यावर पांढरा घुमट दिसायला लागला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "नक्को, नक्को, दर... दर..." तो मागं न बघता म्हणाला, हौ अम्मा, पोचलेच, दरगाहच जा रहें.

दरग्याच्या आवारात टांगा थांबला. मी काठीवर उभी, आत्याबाई टांग्यात आडव्या, आणि भोवती माणसं जमली. काय झालं, कुठून आलात, सगळे एकदम विचारत होते आणि मला एकही उत्तर सापडत नव्हतं. तरी मी बोलत राहिले. चुकलेलं बोलले, पुन्हा बोलले, बोट दाखवलं. अक्कासमोर आणि गावातल्या बायांसमोर मी गप्प बसायला शिकले होते. त्या दिवशी गप्प बसणं परवडणार नव्हतं.

त्यांनी आत्याबाईंना एका झाडाच्या सावलीत निजवलं. कुणी ओढणी भिजवून कपाळावर ठेवली, एक बाई पंख्यानं वारा घालू लागली. दाढीवाला म्हातारा मातीच्या भांड्यातून पाणी घेऊन आला. मी भांड्याआड हात धरला. आत्याबाई मुसलमानाच्या हातचं पाणी घेत नाहीत हे मला सांगायचं होतं. पण तोंडातून निघत नव्हतं, आणि सांगावं का हेही कळत नव्हतं. तेवढ्यात आत्याबाईंनी डोळे उघडले, म्हाताऱ्याकडे बघितलं, भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि गटागटा प्यायल्या.

मग इकडंतिकडं बघत मला म्हणाल्या, "हे कुठलं देऊळ गं?"

"दवाखाना," मी म्हणाले.

शब्द आला होता. आता आला होता.

आत्याबाईंनी घुमटाकडे बघितलं, शेजारच्या कबरींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं हाय दवाखाना," म्हणाल्या, आणि पुन्हा पाणी मागितलं.

माझा हात बघून वारा घालणाऱ्या बाईनं ओळखलं की मला फालिज झालंय, आणि मला काय म्हणायचं होतं तेही तिच्या लक्षात आलं. तिनं त्याच टांग्यातून आम्हाला खऱ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हे शोधत शोधत तिथं आले. टांगेवाल्यांना विचारत आधी दरग्यात जाऊन आले होते. त्यांनी आईला काही विचारलं नाही.

गावी गेल्यावर लोकांनी विचारलं, तर आत्याबाई सांगायच्या की गुलबर्ग्यात ऊन लागलं, दवाखान्यात पाणी पाजले, उतरलं. कोणत्या दवाखान्यात, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन आया

घरी आल्यावर आत्याबाईंनी अक्काच्या मांडीवरून शांताला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. शांता मात्र मला ओळखत नव्हती. ती अक्काकडे हात करून रडली. अक्का दारात उभी होती, तिच्या चोळीवर दुधाचे डाग वाढत होते. तिलाही जाता येईना आणि थांबताही येईना. शेवटी मीच अक्काला खुणेनं बसायला सांगितलं. आम्ही दोघी एका बाजेवर बसलो, मुलगी मधे.

हे नीट जुळायला बराच काळ लागला. शांता अक्काला माय म्हणायला लागली आणि मला अम्मा, ते आजही तसंच आहे. मला त्याचं वाईट वाटतं का? कधी वाटतं, कधी नाही. एका हातानं मूल उचलता येत नाही, म्हणून मी तिला धोतराच्या झोळीत घालून झोळीची गाठ दातांत धरून उचलायचे. अक्का झोळी बांधून द्यायची.

त्याच सुमारास गावात बांगड्या भरायला येणारी हुसेनबी आमच्या ओसरीवर जास्तच बसायला लागली. आत्याबाई तिच्याकडून बांगड्या घेत नव्हत्या, कारण त्या विधवा होत्या. मला वाटलं, गप्पा असतील. मग एकदा मी आत चुलीपाशी होते आणि आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, परीक्षेला उभ्या राहिल्यासारख्या, आणि म्हणाल्या, "गोदा, तेरेकू भूक लगी?"

मी 'हौ' म्हणाले. भूक नव्हती, तरी जेवले.

मराठी परत आली, पण एकदम आली नाही आणि ओळीनंही आली नाही. आधी शिव्या आल्या, मग अंक, मग ओव्या. घरच्या माणसांची नावं सगळ्यांत शेवटी. शांता शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मी डाव्या हातानं पुन्हा अक्षरं गिरवली. हात आलाच नाही. मी त्याची वाट बघणं कधी सोडलं ते आठवत नाही.

राज्य गेलं तेव्हा

निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत कुणाला काय बोलावं ते कळत नव्हतं. आधी एका बाजूची माणसं भीत होती, मग दुसऱ्या बाजूची भ्यायला लागली. हुसेनबी येईनाशी झाली. ज्या पुरुषांना उर्दू येते म्हणून गावात मान होता, ते ती येत नाही असं सांगायला लागले. मला तसं सांगता येत नव्हतं. कोणत्या क्षणी कोणती भाषा तोंडात येईल हे मलाच माहीत नसायचं. हे म्हणाले, काही दिवस घराबाहेर पडू नकोस.

तरी एका बाजाराच्या दिवशी मी आत्याबाईंबरोबर औरादला गेले. घरात बसून जीव उबला होता. गर्दीत मी दमले, आणि कांद्याचा भाव विचारायला गेले तो दखनीतच विचारला. शेजारी तीन-चार परगावचे तरुण उभे होते. त्यातला एक पुढं आला. कपाळाला कुंकू आणि तोंडात ही भाषा, ही कोण, असं त्यानं कांदेवाल्याला विचारलं. कांदेवाला खाली बघायला लागला. तो तरुण माझ्याकडे वळला, "कुठली गं तू? नाव सांग."

नाव. मला माझं नाव आठवत होतं. ते येत नव्हतं. घशात ग अडकला होता. आजूबाजूची माणसं हळूहळू दूर व्हायला लागली.

आत्याबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. त्या मराठीत सांगू शकत होत्या, आणि मराठीत सांगितलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मेरी बहू है. हमारे घर में ऐसाइच बोलते. तुमको क्या होना?"

साठी उलटलेली, पांढरं लुगडं नेसलेली, गळ्यात तुळशीची माळ घातलेली ती बाई. तरुण तिच्याकडे बघत राहिले. एकजण दुसऱ्याचा दंड धरून म्हणाला, चल रे, म्हातारी हाय. ते गेले.

आम्ही जवळच्या एका ओट्यावर बसलो. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग मला हळूच विचारलं, "बराबर बोलले का गं मी?"

मला 'व्हय' म्हणायचं होतं. तोंडातून 'हौ' निघालं.

"मग ऊठ," त्या म्हणाल्या. "कांदे घ्यायचे राहिले."